फायरवॉल बंद करण्याआधी पॅकेट कुठे अडतंय ते बघा

घरचा कॉम्प्युटर बाहेरून चालवण्याची एक कृती सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. थोडक्यात ती अशी: राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (कॉम्प्युटर दुरून चालवायच्या विंडोजमधल्या सोयीचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दार-क्रमांक) कॉम्प्युटरच्या आयपीकडे फॉरवर्ड करा, म्हणजे त्या दाराशी आलेलं सगळं कॉम्प्युटरकडे पाठवायला राउटरला सांगा, झालं. चाललं नाही तर विंडोजची फायरवॉल बंद करा. तरीही नाही चाललं तर कॉम्प्युटर राउटरच्या डीएमझेडमध्ये टाका, म्हणजे बाकीचे पोर्टही त्याच्याकडे सोडा. सुरक्षेची काळजी वाटत असेल तर बाहेरचा पोर्ट नंबर बदला. आणि एवढं करूनही जमलं नाही तर राउटरच भंगार आहे, नवा घ्या.

यातली पहिली पायरी अर्धी बरोबर आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच गफलत आहे: बिघाड कुठे आहे ते न बघताच एकेक संरक्षण काढत जायचं. बाहेरून आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) इंटरनेट कंपनी, राउटर, फायरवॉल आणि शेवटी तो प्रोग्रॅम अशा क्रमाने पुढे सरकतं. ते कुठे अडलं हे आधी शोधता येतं, आणि त्यासाठी काहीही बंद करावं लागत नाही.

‘पोर्ट फॉरवर्ड केला की झालं.’

हे तेव्हाच खरं, जेव्हा राउटरला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळालेला असतो. अनेकांकडे तो नसतोच. आयपीव्ही४चे (आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते ३२ बिटांचे, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगभर वाटायचा त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. त्यामुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा वेगळा राखून ठेवला गेला. तुम्ही सीजीनॅटमागे असाल तर बाहेरचं पॅकेट कंपनीच्या उपकरणापाशीच संपतं. तुमच्या राउटरमधला नियम कितीही अचूक लिहा, तो वापरायची वेळच येत नाही. लोक रात्र-रात्र राउटर रीसेट करत बसतात ते बहुतेकदा इथेच.

तपासणी सोपी आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन किंवा इंटरनेट आयपी म्हणून जो आकडा दिसतो तो लिहून घ्या. मग व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद बोगदा) बंद ठेवून, आपला आयपी दाखवणारी एखादी साइट त्याच नेटवर उघडा. दोन्ही आकडे एकच असतील तर रस्ता मोकळा आहे. वेगळे असतील तर मध्ये आणखी कुणीतरी पत्ते बदलतंय. राउटरचा आकडा वरच्या १०० वाल्या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीने दिलेला डबाच राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्यामागे जोडलेला आहे. अशा वेळी डबा ब्रिज मोडमध्ये टाका (म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देतो) किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंग करा. १० ने सुरू होणारा आकडा यांपैकी कशाचाही असू शकतो, त्यामुळे त्या डब्याचं स्वतःचं पान उघडून त्याला कोणता आयपी मिळालाय तेही बघावं. सीजीनॅट निघालं तर मात्र घरात बसून करण्यासारखं काही उरत नाही: कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागायचा, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळतं का ते विचारायचं, नाहीतर शेवटी सांगितलेला दुसरा मार्ग धरायचा.

‘कनेक्ट होत नाही म्हणजे नियम चुकला.’

कुठून कनेक्ट करून पाहिलंत, त्यावर आहे. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा सार्वजनिक आयपी टाकला, तर पॅकेटला राउटरपर्यंत जाऊन तिथूनच मागे वळावं लागतं. सगळ्या राउटरना हे जमत नाही, त्यामुळे नियम अगदी बरोबर असूनही आतून चाचणी फसते. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहा, मगच निष्कर्ष काढा. पिंगच्या, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का एवढंच बघणाऱ्या चाचणीच्या, भरवशावर तर मुळीच राहू नका. पिंगला पोर्ट नसतो, आणि कितीतरी राउटर बाहेरच्या पिंगला उत्तरच देत नाहीत.

पोर्ट तपासणाऱ्या साइटही ‘बंद’ म्हणतात, पण कॉम्प्युटर झोपलेला असला किंवा त्या पोर्टवर कोणताच प्रोग्रॅम ऐकत नसला तरी त्या हेच म्हणणार. म्हणून सुरुवात आतून करावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट (netstat -an) चालवून सगळे चालू पोर्ट पाहा. ०.०.०.०:३३८९ समोर ‘लिसनिंग’ दिसलं पाहिजे. ओळच नसेल तर रिमोट डेस्कटॉप चालू झालेला नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत तो चालूच होत नाही: तिथून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाता येतं, पण तिच्यात कुणाला येऊ देता येत नाही. ओळ दिसली की घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून आतला आयपी टाकून जोडा. हे जमलं तर कॉम्प्युटर निर्दोष, फायरवॉलही निर्दोष. आता फक्त राउटरकडे आणि त्याच्या पलीकडे बघायचं.

‘काल चालत होतं, आज नाही, राउटर गंडलाय.’

नियम उघडा आणि त्यात कोणता आयपी लिहिलाय ते वाचा. समजा १९२.१६८.१.७ लिहिलंय. आता कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग चालवलं तर १९२.१६८.१.१२ दिसतंय. रात्री राउटर रीस्टार्ट झाला, पत्ते नव्याने वाटले गेले आणि ७ नंबर टीव्हीला मिळाला. राउटर इमानदारीत टीव्हीकडे पॅकेट पाठवतोय! राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन करून कॉम्प्युटरच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) कायमचा एकच आयपी बांधून द्या. लॅपटॉपच्या वायफायचा आणि केबलचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो, त्यामुळे एकाचं रिझर्वेशन दुसऱ्याला लागू होत नाही, हे बरेच जण विसरतात. बाहेरचा सार्वजनिक आयपीही बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एकच नाव देणारी सेवा) लावावं लागतं.

‘फायरवॉल बंद करा.’

विंडोजच्या सेटिंगमधून रिमोट डेस्कटॉप चालू केला की फायरवॉलमधला त्याचा नियम आपोआप चालू होतो. तो अपुरा पडतो तो मुख्यतः कॉम्प्युटरवरचाच पोर्ट बदलला तर, किंवा अँटिव्हायरसने स्वतःची वेगळी फायरवॉल बसवली असेल तर. दोन्ही ठिकाणी एका पोर्टचा नियम लिहून काम भागतं. अख्खी फायरवॉल बंद केल्याने काम चाललं, तर इतकंच कळलं की अडथळा तिच्यात होता. ती लगेच चालू करा आणि तो एक नियम लिहा.

डीएमझेडबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. ज्या पोर्टला वेगळा नियम नाही ते सगळे पोर्ट एका कॉम्प्युटरवर सोडून द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. एका पोर्टसाठी हजारो पोर्ट उघडायचे कशाला?

‘पोर्ट नंबर बदलला की सुरक्षित.’

२०१३ मध्ये आलेलं झेडमॅप हे साधन एका गिगाबिट लाइनवरून अख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचा एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासू शकत होतं. नंबर बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, दार बंद होत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप ही रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही मशीनचा ताबा घेता येत होता. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला.

म्हणून माझं मत असं, की ३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवूच नये, कोणत्याही नंबराने नाही. सार्वजनिक आयपी असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन घरी बसवा आणि फक्त त्याचाच पोर्ट फॉरवर्ड करा. सीजीनॅट असेल तर टेलस्केलसारखी सेवा वापरा. तिथे दोन्ही मशीन आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. गंमत म्हणजे टेलस्केल आपल्या मशीनना पत्ते देतं तेही १००.६४ वाल्याच पट्ट्यातले, ते पाहून आपण सीजीनॅटमागे आहोत असं समजू नका. वायरगार्डचा नियम लिहिताना प्रोटोकॉल यूडीपी निवडा. टीसीपी निवडून डोकं आपटत बसलेले कमी नाहीत. आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे पोर्ट तपासणाऱ्या साइटवर तो ‘उघडा’ दिसण्याची वाट बघू नका. जोडणी झाली की नाही, ते त्याच्या स्वतःच्या ‘लेटेस्ट हँडशेक’च्या (दोन्ही टोकांची ओळख शेवटची कधी पटली त्या) ओळीत दिसतं.