‘तुम्ही शोक केलाच नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

पत्नीच्या निधनानंतर ख्रिस्तावरील विश्वासाने मला कसे सावरले, हे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण सांगलीहून पाठविलेली दीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि एक दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय देतो. श्रद्धा ही दुःख बधिर करणारी भूल आहे, मी शोकाच्या वेळी बायबलमधील ‘फक्त वचने म्हटली’, माझ्यासारख्यांचे लेख वाचून ज्यांचे रडणे थांबत नाही अशा विश्वासणाऱ्यांना अपराधी वाटते, अशा वेळी चर्चच्या पाळकसाहेबांऐवजी समुपदेशकाकडे जावे, आणि मंडळीत विधुराला जो आधार मिळतो तो विधवेला मिळत नाही, असे आपले म्हणणे आहे. शेवटचे वाक्य मात्र जसेच्या तसे द्यावे लागेल : “तुम्ही शोक केलाच नाही, तुम्ही फक्त हालेलुया म्हणालात!”

मतभेदाचे मला वावडे नाही. चाळीसहून अधिक वर्षे संसार केलेल्या माणसाला, ज्याने स्वतःच्या हाताने पत्नीच्या पेटीवर माती लोटली आहे त्याला, उद्गारचिन्ह देऊन असे वाक्य ऐकवावे, हे मात्र मला समजू शकले नाही. ‘हालेलुया’ हा शब्द माझ्या संपूर्ण लेखात एकदाही आलेला नाही, तो आपण माझ्या तोंडी घातला आहे. आपण स्वतः मंडळीत वाढलात, संडे स्कूलला गेलात, असे प्रतिक्रियेत अभिमानाने नमूद केले आहे. शोक झालेल्या घरात पाऊल ठेवताना आवाज खाली ठेवावा, ही गोष्ट तेथे शिकवली गेली नसेल असे मला वाटत नाही.

समुपदेशकाबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. ज्याला झोप लागत नाही, अन्न जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने डॉक्टरांकडे अवश्य जावे आणि त्यात विश्वासाला कमीपणा आहे असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून आपल्या भागातील ख्रिस्ती माणसाने औषध आणि प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात पाहिल्या आहेत. तेव्हा या मुद्द्यावर आपणांत वाद नाही.

वाद आहे तो भुलीवर. माझी पत्नी परिचारिका होती आणि तिच्या नोकरीची बरीच वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. भूल उतरलेला रुग्ण पुष्कळदा डोळे उघडल्यावर “ऑपरेशन कधी सुरू होणार?” असे विचारतो, हे ती घरी येऊन सांगत असे, कारण मधला काळ त्याच्या लेखी घडलेलाच नसतो. माझ्या बाबतीत असा एकही तास गळून गेलेला नाही. दफनविधीनंतर शेजारच्या घरांतून कडू घास आला, पिठले-भाकरी होती, आणि ज्या काकूंनी ती आणली त्यांनी सवयीने दोन ताटे मांडली, मग एक उचलून घेतले. ते ताट उचलताना झालेला आवाज मला आजही ऐकू येतो. पुढे कित्येक रविवारी मी उपासनेला उभा राहिलो पण गायलो नाही. शेजारी बसणारे एक वृद्ध गृहस्थ आपले ‘उपासना-संगीत’ हे गीतांचे पुस्तक माझ्यापुढे धरीत आणि आपण कोणत्या ओळीवर आहोत हे बोटाने दाखवीत. मला ओळ दिसत होती, आवाज फुटत नव्हता. ‘गा’ असे ते एकदाही म्हणाले नाहीत. याला आपण भूल म्हणत असाल, तर ज्यांना भूल नाही त्यांचे दुःख कसे असते ते कृपया मला कळवावे.

‘फक्त वचने म्हटली’ हा आरोपही मी सोडून देऊ शकत नाही, कारण त्यात वचनांविषयीचाच गैरसमज आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्था प्रभूला तोंडावर सांगते की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता, आणि हे ऐकून घेणारा येशू, लाजराला आपण उठविणार हे ठाऊक असूनही, त्याच्या कबरेकडे जाताना रडतो. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो तेव्हा आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका असे म्हणतो, खेदाला बंदी घालीत नाही. ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन मोठमोठी भाषणे केली, तरी ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला आणि तक्रार करणारा ईयोब खरे बोलला असे त्याने सांगितले. संडे स्कूलमध्ये आपण हे वाचले असेलच.

माझ्या पत्नीच्या पवित्र शास्त्रात अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलीने एक तारीख घातलेली आहे. रुग्णाच्या तक्त्यावर घालतात तशी, बारीक आणि सरळ आकड्यांत. हे स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. विलापाच्या इतर बहुतेक स्तोत्रांत शेवटी आशेकडे वळणाऱ्या ज्या ओळी येतात त्या यात नाहीत. ती तारीख तिच्या धाकट्या भावाच्या मृत्यूची आहे. त्या दिवसांत ती ड्यूटीवर जात होती, स्वयंपाक करीत होती, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थनाही चालवीत होती, आणि मी, तिचा नवरा, ती लवकर सावरली असे समजत होतो. ती कोणते स्तोत्र वाचत होती हे मला ती गेल्यावर कळले. विश्वासणारा माणूस शोक करतो की नाही, हे बाहेरून पाहून ठरविण्याची घाई म्हणूनच मला खपत नाही, मग ती घाई पाळकसाहेबांची असो किंवा आपली.

आणखी एक गोष्ट मी लेखात लिहिली नव्हती, ती आपल्यामुळे लिहितो. पुनरुत्थानात लोक लग्न करीत नाहीत व करून देत नाहीत, असे प्रभूने सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांना सांगितल्याचे मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. ती मला पुन्हा भेटेल हा माझा विश्वास आहे, पण ती माझी पत्नी म्हणून भेटेल असे आश्वासन मला शास्त्रात मिळत नाही. हे वचन मी कितीतरी रात्री टाळले आणि तरीही ते तेथेच आहे. मनाच्या समाधानासाठी मी स्वतः एखादी श्रद्धा रचली असती, तर हे वाक्य तीत ठेवले असते काय? जे मला नको आहे तेही जो सांगतो, त्याच्या इतर शब्दांवर मी विसंबतो.

आपल्या साताऱ्याचेच उदाहरण घ्यावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक अखेरची वर्षे तेथे राहिले आणि १९१९ साली मुंबईत वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केले. ज्या पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार एकदा मोडला होता आणि ज्याच्यामागून त्या पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्याच पतीच्या थांबलेल्या ओळींपुढे आपल्या ओळी लिहायला बसणे, हा शोक नव्हता असे म्हणण्याचे धाडस आपण कराल काय? मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. परंतु शोक म्हणजे केवळ कोसळणे, एवढाच अर्थ आपण धरला असेल तर तो फार अपुरा आहे.

माझ्या लेखामुळे कोणाला अपराधी वाटले असेल, असे मला वाटत नाही. तसे एकाही वाचकाने मला कळविलेले नाही. विधवांचा प्रश्न गंभीर आहे, याकोबाच्या पत्रात त्यांचा समाचार घेणे हीच शुद्ध धार्मिकता म्हटली आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि माझ्या पत्नीवरील लेखाखाली त्याची चर्चा मी करणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. श्रद्धेविषयी आपणांस आणखी लिहायचे असेल तर खुशाल लिहावे, मी उत्तर देईन. माझ्या घरातील मृत्यूविषयी पुन्हा त्या सुरात लिहाल तर ते येथे प्रसिद्ध होणार नाही.