मोत्याचा डूल आणि परभणीचा मे

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकायचं तर एखाद्या जुन्या उस्तादाची नक्कल करावी म्हणतात. सल्ला चांगला आहे, पण देणाऱ्यानं परभणीचा मे पाहिलेला नसावा. मी घेतलं डच चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’. १६६५च्या सुमारास रंगवलेलं, जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं.

आधी मातकट रंगात उजेड-सावली बसवायची, ती वाळली की वर कातडीचा रंग. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं केलं की पुढं तडे जातात. वाळेपर्यंत थांबायचं कूलरसमोर, कारण दुसरीकडं बसवत नाही. कूलर टर्पेंटाइनचा वास देवघरापर्यंत पोचवतो आणि बदल्यात आपलं गवत पोरीच्या गालावर आणून चिकटवतो. काडी चिमट्यानं अलगद उचलली तरी गालाला खळी पडतेच. मूळ चित्रात खळी नाही.

पहिला थर बघून आई म्हणाली, “लई अशक्त दिसायलीय. कुणाची हाय?”

कुणाचीच नाही, हे उत्तर आमच्याकडं चालत नाही. हे कुणा ठरावीक बाईचं चित्र नाही, असे मनचे चेहरे रंगवायची डचांची रीतच होती, हे सांगून पाहिलं. काका म्हणाले, “फेटा बांधलाय म्हंजे लांबची का असंना, आपल्याकडचीच.” मावशीला ती सेलूच्या नणंदेची धाकटी वाटली. रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाच्या इवल्याशा बाटलीची किंमत ऐकून आईनं तेवढ्यात वर्षाची चटणी होती, हेही ऐकवलं.

१८८१ साली हे चित्र लिलावात दोन गिल्डर (तेव्हाचं डच चलन) तीस सेंटला, म्हणजे कवडीमोलानं गेलं होतं, असं मी कौतुकानं सांगितलं. काका म्हणाले, “मग तेवढ्याचंच घ्यायचं होतं की!”

मोती मात्र पटकन झाला. वर पांढऱ्याचा एक ठसठशीत ठिपका, खाली कॉलरच्या उजेडाची पुसट झाक, बस्स. “अडकवलाय कशात?” मावशीनं विचारलं. कशातच नाही, व्हर्मीरनंही आकडा काढलेला नाही. मावशीचा व्हर्मीरवरचा विश्वास तिथंच उडाला.

मोबाइलवरून फोटो सेलूला गेलाय. नणंदेचा निरोप आला: चेहरा अगदी आमच्या पोरीचाच, फक्त भुवया नाहीत, तेवढ्या रंगवून द्या, स्थळं बघायचं चाललंय.