नऊ साड्या आणि समन्वय

गोव्यातल्या साखळीच्या बसस्टँडजवळच्या आमच्या कट्ट्यावर काल मास्तर पुन्हा ‘समन्वय’ या शब्दावर आले. देवाचं नाव घ्यावं तसा, डोळे मिटून उच्चारतात.

“२००५ साली संकटातल्या मदतीसाठी यूएनची क्लस्टर पद्धत आली, एकेका कामाला एकेक संस्था. पाण्याला युनिसेफ, आरोग्याला डब्ल्यूएचओ, वाहतुकीला जागतिक अन्न कार्यक्रम. सगळ्यांची मोट बांधायला ओचा, म्हणजे यूएनचं मदत-समन्वयाचं कार्यालय. काय आराखडा!”

गुणो तीस वर्षं जहाजावर होता. तोंडातली मिरची भजी संपल्याशिवाय बोलत नाही.

“मोट बांधली, पण कासरा कोणाच्या हातात? ओचा कुणाला हुकूम देऊ शकते? संस्था वेगळ्या, पैसा देणारे देश वेगळे. ओचा बैठक बोलावते, बस्स.”

“बैठकीनेच कामं होतात!”

“हैतीत २०१० ला घेतल्या ना? भूकंप झाला तिथल्या लोकांच्या डोक्यावर, बैठका यूएनच्या तळावर, त्याही इंग्रजीतून. लोक बोलतात क्रेओल. गेटातून आत सोडणार कोण, आणि सोडलं तरी कळणार काय?”

मास्तरांनी चहाचा घोट लांबवला.

सुर्याने नेपाळ काढलं. २०१५ ला काठमांडूत धावपट्टी एकच, मदतीची विमानं वर घिरट्या घालतायत. “म्हणूनच रांग लावणारा हवा!” मास्तर उसळले. मुद्दा बरोबर होता. पण त्यांनी लगेच मदतीच्या समन्वयावरचा यूएनचा १९९१ चा ठराव ४६/१८२ काढला आणि आम्ही भज्यांकडे वळलो.

“२०२१ च्या जुलैत आपल्या सत्तरी तालुक्यात पूर आला,” गुणो म्हणाला, “तेव्हा पाच ग्रूप आले. पाचही रस्त्याकडेच्या घरांत. आतल्या वाड्यावर कुत्रं फिरकलं नाही. आमचे काका रस्त्याला लागून, बिनलग्नाचे. त्यांना मिळाल्या नऊ साड्या. त्यांना हवी होती कोरडी लाकडं.”

“तरी मदत पोचली ना?”

“तुमच्या जत्रा कमिटीसारखी. मंडप दोघांनी सांगितला, आचारी एकानेही नाही.”

“आचारी तुझा चुलतभाऊ होता. पळाला!”

“ॲडव्हान्स दिलात?”

इथे ओचा, हैती सगळं वाहून गेलं. शेवटी सुर्याने विचारलं, त्या साड्यांचं काय झालं?

“जत्रेतल्या काल्याच्या नाटकात लागल्या. द्रौपदी वस्त्रहरणाला. श्रीकृष्ण कोण होता, विचार.”

सगळे मास्तरांकडे वळले.

“नवव्या साडीला स्टॉक संपला,” गुणो म्हणाला, “आणि दुःशासन ओढतोच आहे!”

मास्तरांना ठसका लागला. हसून की चहा अडकून, कळलं नाही.