पिरॅमिड जुना झाला का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. मागच्या लेखात मी संस्थेतली माहिती-व्यवस्था, म्हणजे एमआयएस, तीन थरांत मांडली होती: तळाशी रोजच्या व्यवहारांच्या नोंदी, मध्ये देखरेख आणि नियंत्रण, वर धोरण. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा पिरॅमिड खोलीभर कॉम्प्युटर असायचे त्या काळातला आहे. आता सगळा डेटा एका जागी असतो, सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला मोबाइलवर तळाची नोंद दिसते, मग थर उरले कुठे? शिवाय मी सिस्टीम सोडून खात्याखात्यांतल्या भांडणांवरच लिहीत बसलो. आणि एमआयएसचं काम नेमकं कोणाच्या हाताखाली असावं, हे सांगितलंच नाही.

शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य, त्याचं उत्तर खाली देतो. पहिल्यातही माझी चूक आहे: आकृतीत मी थरांना पदांची नावं दिली, त्यामुळे तो अधिकाऱ्यांच्या उतरंडीचा तक्ता वाटला. मूळ कल्पना तशी नव्हती. १९६५ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी जे तीन भाग पाडले ते नियोजन आणि नियंत्रणाच्या कामाचे होते. १९७१ मध्ये एमआयटीच्या गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी तेच भाग घेऊन विचारलं, की या प्रत्येक कामाला माहिती कशी लागते? रोजच्या कामाला ती बारीक, अचूक, ताजी आणि संस्थेच्या आतली लागते. धोरणाला ढोबळ चालते, पण बाहेरचीही लागते आणि पुढच्या काळाकडे बघणारी लागते. स्टोअरमध्ये बसलेल्याला एखाद्या भागाचे ४० नग आहेत की ३८, हे कळलंच पाहिजे. क्षमता वाढवायची का, हे ठरवणाऱ्याला त्या दोन नगांनी काहीच फरक पडत नाही. दोघांचा डेटा एकाच सर्व्हरवर आला म्हणून दोघांची गरज एक होत नाही.

एका क्लिकमध्ये तळ दिसण्याबद्दल मला काळजीने लिहावंसं वाटतं, कारण त्याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. एका उत्पादन कंपनीत मी रिपोर्टिंगचं काम करत होतो. तिथे नवा डॅशबोर्ड आला आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच चित्र दिसू लागलं. एका सकाळी एका महत्त्वाच्या भागाचा स्टॉक लाल रंगात शून्य दिसत होता. खरं तर माल आदल्या संध्याकाळीच गेटमधून आत आला होता, खोकी स्टोअरच्या दारात उभी होती. पण तपासणी बाकी होती, म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची अधिकृत नोंद, झालेला नव्हता, आणि जीआरएन झाल्याशिवाय सिस्टीमच्या लेखी तो माल आलेलाच नव्हता. वरून थेट खरेदी विभागाला फोन गेला. त्यांनी घाबरून तातडीची दुसरी ऑर्डर टाकली. दोन दिवसांनी तोच भाग दुपटीने येऊन पडला.

यात सॉफ्टवेअर बरोबर होतं, आकडाही त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की तो शून्य कसा वाचायचा हे ज्याला ठाऊक होतं तो मधला माणूस रस्त्यातून बाजूला झाला होता. स्टोअरच्या सुपरवायझरने तो आकडा पाहिला असता तर त्याने आधी दाराकडे पाहिलं असतं. मधल्या थराचं काम आकडे गोळा करून वर पाठवण्यापुरतं असेल तर तो जाऊ दे. तेवढं काम मशीन करतं, आणि इथे तुमचं बरोबरच आहे. पण कच्च्या नोंदीतून वर कळवण्यासारखं काय आहे हे ठरवणं, हे काम कोणाला तरी करावंच लागतं. एक्सेप्शन रिपोर्टची, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेलंच दाखवणाऱ्या रिपोर्टची, मर्यादा कोणी तरी बसवलेली असते. ती बसवणारा तुमच्या त्या एका स्क्रीनमागेही आहेच.

आणखी एक गोष्ट. ‘सगळं एकाच ठिकाणी’ हे स्वप्नही पिरॅमिडच्याच वयाचं आहे. साठच्या दशकात संपूर्ण संस्थेसाठी एकच एकसंध व्यवस्था उभारायच्या योजना जोरात होत्या. १९७२ मध्ये जॉन डिअर्डन यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये या कल्पनेला सरळ मृगजळ म्हटलं. त्याआधी १९६७ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी दाखवलं होतं, की व्यवस्थापकांना कामाच्या माहितीचा तुटवडा असतोच, पण त्याहून जास्त त्रास बिनकामाच्या माहितीच्या ढिगाचा होतो. त्या वेळी ढीग कागदी प्रिंटआउटचा होता, आज तो स्क्रीनवरच्या टाइल्स आणि चार्टचा आहे.

आणि थर खरंच गेले का? आजच्या कुठल्याही मोठ्या संस्थेची तांत्रिक मांडणी बघा. व्यवहार नोंदवणारा डेटाबेस वेगळा, त्यातून माहिती उचलून साफ करून ठेवलेलं डेटा वेअरहाउस वेगळं, त्याच्यावर रिपोर्ट. एक कारण साधं आहे: जड रिपोर्ट चालू व्यवहारांच्याच डेटाबेसवर लावला की बिल करणाऱ्याची स्क्रीन अडकते. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. समजा, एक ग्राहक उत्तर विभागातून पश्चिम विभागात हलवला. ईआरपीच्या, म्हणजे सगळ्या खात्यांचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मास्टरमध्ये (ग्राहकांच्या मूळ यादीत) तो बदल केला, आणि मग गेल्या वर्षीचा विभागवार रिपोर्ट पुन्हा काढला. रिपोर्ट आजच्या मास्टरवरून विभाग उचलत असेल, तर गेल्या वर्षीची विक्रीसुद्धा पश्चिमेत जाऊन बसते. उत्तर विभागाचा प्रमुख जुनी प्रिंट हातात घेऊन उभा राहतो आणि दोन्ही कागद ‘सिस्टीममधूनच’ निघालेले असतात. वेअरहाउसमध्ये कुठला बदल कुठल्या तारखेपासून लागू, हे जपून ठेवता येतं. इतिहास जपणारा हा थर नसेल तर वरच्या थराला तुलना करायला जमीनच उरत नाही.

आता खात्यांच्या भांडणाबद्दल. त्यावर मी मुद्दाम लिहिलं होतं आणि पुन्हा लिहीन. १९६८ मध्ये संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी मांडलं, की संस्था जी व्यवस्था घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. ‘पेंडिंग ऑर्डर’ हा एकच शब्द घ्या. विक्री विभाग ऑर्डर हातात आल्यापासून माल ग्राहकाला पोचेपर्यंत तिला पेंडिंग म्हणतो. डिस्पॅचवाले क्रेडिटची मंजुरी मिळालेल्याच ऑर्डरी मोजतात, कारण बाकीच्यांना ते हात लावू शकत नाहीत. अकाउंट्सच्या मते बिल फाटलं की पेंडिंग संपलं, मग गाडी अजून आवारात उभी का असेना. तिघे एकाच टेबलमधून आकडा काढतात, तिघांचे आकडे वेगळे येतात आणि तिघेही खरे असतात. मी त्या कंपनीत महिनाअखेरच्या मीटिंगचा पहिला मोठा तुकडा ‘कोणाचा आकडा बरोबर’ यातच जाताना वारंवार पाहिला. मग प्रत्येक जण स्वतःची एक्सेल जपू लागतो आणि खरी एमआयएस त्या एक्सेलमध्ये राहायला जाते. डेटाबेस एक केल्याने हे सुटत नाही. तिघांना समोरासमोर बसवून एका शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो, किंवा तीन अर्थांना तीन नावं द्यावी लागतात. त्या भांडणांना मी व्यवस्थेच्या रचनेचाच भाग मानतो.

तर, एमआयएस कोणाखाली असावी? अकाउंट्सखाली ठेवली तर सगळं पैशांत मोजलं जातं आणि महिना बंद होईपर्यंत थांबतं. तपासणीत अडकलेली खोकी तिथे दिसत नाहीत. आयटीखाली ठेवली तर रिपोर्ट चालला की काम झालं असं धरतात, त्यातला आकडा कोणाला पटला का हे विचारायचं राहून जातं. खात्याखात्यांत वाटली तर प्रत्येक खातं आपल्या सोयीचा आकडा पुढे करतं. माझं मत असं: डेटाबेस आणि त्याची देखभाल आयटीकडे. रिपोर्टिंगचा छोटा गट थेट त्या माणसाखाली, जो सगळ्या खात्यांचा एकत्र आढावा घेतो. आणि प्रत्येक आकड्याची व्याख्या एका खात्याच्या एका जबाबदार माणसाकडे, नावानिशी.

शेवटचा भाग आम्ही करून पाहिला. पेंडिंग ऑर्डरच्या आकड्याखाली तीन ओळी छापायला लागलो: यात काय धरलं आहे, आकडा किती वाजताचा आहे, आणि शंका असेल तर कोणाला विचारायचं. तिसऱ्या ओळीवरून सर्वांत जास्त वाद झाला, कारण आपलं नाव तिथे छापून यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी डिस्पॅचच्या प्रमुख बाई तयार झाल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या आकड्याची व्याख्या दोनदा बदलून घेतली.

मागच्या लेखातल्या आकृतीतून पदांची नावं आज काढून टाकली आहेत आणि त्या जागी निर्णयांचे प्रकार लिहिले आहेत. तुमच्याकडे अशा आकड्याची व्याख्या कोणाच्या नावावर आहे, ते जरूर कळवा.