‘बसल्या जागी तलवार फिरवायची, त्यात काय मोठं?’

पॅरालिम्पिकमधल्या व्हीलचेअर तलवारबाजीच्या क्लिप फिरायला लागल्या की त्यांच्या शेपटाला एक मजकूरही फिरतो. त्याचा सारांश असा: खुर्च्या जखडलेल्या, पाय हलवायचे नाहीत, म्हणजे ही मूळ खेळाची सोपी आवृत्ती; यातले कित्येक जण स्वतःच्या पायांनी चालतात, म्हणजे बनवाबनवी; आणि इटलीची खेळाडू बेबे व्हिओ हिच्या हाताला तर तलवार बसवूनच दिलेली आहे.

खुर्च्या जखडलेल्या असतात हे खरं आहे. धातूच्या चौकटीत, मधल्या दांड्याशी 110 अंशांच्या कोनात त्या क्लॅम्पने घट्ट बसवतात. एक खेळाडू डावखुरा असेल तर चौकटीची मांडणी बदलावी लागते. क्लॅम्प ढिला राहिला तर झेप घेताना खुर्ची डुलते आणि खेळाडूचा तोल जातो, म्हणून लढत सुरू होण्याआधी तो तपासतात.

पण जखडल्यामुळे खेळ सोपा होतो, हा निष्कर्ष साफ उलटा आहे. उभ्या तलवारबाजीत 14 मीटरची पिस्ट, म्हणजे लढतीची पट्टी असते. अंदाज चुकला तर दोन पावलं मागे सरून वेळ मिळवता येतो. इथे ती सोय नाही. समोरच्याच्या तलवारीचं टोक कायम पल्ल्याच्या आसपास असतं, आणि पायांचं सगळं काम कमरेनं करावं लागतं. मोकळ्या हातानं खुर्ची पकडून धड मागे खेचायचं, त्याच हाताच्या जोरावर पुढे झेपावायचं. पॅरी, म्हणजे वार अडवणं, उशिरा झाली तर टच, म्हणजे एक गुण, गेलाच. पहिल्यांदा लढत पाहताना शस्त्रावर नजर ठेवू नका, हा मोकळा हात पाहा.

अंतरही मनाला येईल तसं ठरत नाही. दोघं ताठ बसतात. एक जण शस्त्रासह हात पूर्ण लांब करतो, दुसरा आपला हात कोपरात वाकवतो. फॉईल, इपी आणि सेबर हे तलवारीचे तीन प्रकार. फॉईलमध्ये टोक कोपराच्या आतल्या बाजूला पोचलं पाहिजे, इपी आणि सेबरमध्ये बाहेरच्या टोकाला. दोघांच्या हातांची लांबी वेगळी असेल तर आखूड हातवाला अंतर निवडतो. अर्थात जवळ बसायचं की लांब, हा डावपेच पंचांनी ‘चला’ म्हणण्याआधीच सुरू होतो. हल्ला करताना बूड सीटवरून उचललं तर आधी पिवळं कार्ड, पुन्हा केलं तर लाल, म्हणजे समोरच्याला फुकटचा एक टच. ‘बसल्या जागी’ हा टोमणा नसून नियमच आहे, आणि तो पाळून पूर्ण झेप घेणं ही यातली अवघड गोष्ट.

शस्त्रांतही सूट नाही. फॉईल आणि सेबरला 500 ग्रॅमची, इपीला 770 ग्रॅमची कमाल मर्यादा, उभ्या खेळाडूंना असते तीच. फरक लक्ष्यात आहे. उभ्या इपीत डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टच चालतो, इथे फक्त कमरेच्या वर. त्यामुळे इपीत पायांवर आणि खुर्चीवर वीजवाहक कापडाचा एप्रन पांघरतात, म्हणजे तिथे टोक लागलं तरी टच दाखवणारा दिवा लागत नाही. एप्रन सरकला की नको तिथे दिवा लागतो आणि लढत थांबते.

आता चालण्याचा मुद्दा. हा खेळ फक्त ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांचा आहे, असं कोणीच म्हटलेलं नाही. पाय गमावलेले, स्नायूंची ताकद कमी झालेले, सेरेब्रल पाल्सी असलेले, असे अनेक जण यात पात्र ठरतात. हाँगकाँगची व्हीलचेअर तलवारबाज यू चुई यी हिचा एक पाय लहानपणी हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. कृत्रिम पाय लावून चालता येणं आणि त्याच पायावर उभ्या तलवारबाजीची झेप घेणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2004 मध्ये अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये तिनं चार सुवर्णपदकं जिंकली.

खरी चाळणी वर्गवारीत लागते. वर्गवारी करणारे पाय कमी आणि धड जास्त पाहतात: हात बाजूला पसरून तोल राहतो का, हात मानेमागे घेऊन पुढे वाकलेलं धड वर उचलता येतं का, हातात शस्त्र आल्यावर काय होतं. प्रत्येक चाचणीला 0 ते 3 गुण. धडावर चांगला ताबा असेल तर ए गट; तो ताबा किंवा शस्त्राचा हात कमकुवत असेल तर बी. सी गटही आहे, पण तो पॅरालिम्पिकमध्ये नाही. सीमारेषेवरच्या खेळाडूंवरून वाद होतात, तसे ते प्रत्येक पॅरा खेळात होतात. पण ज्याला चालता येतं तो खोटा, ही चाचणी कुठल्याच नियमात नाही.

उरली बेबे व्हिओ. मेंदूज्वरात तिचे दोन्ही हात कोपराखाली आणि दोन्ही पाय गेले. फॉईल कृत्रिम हाताला जोडलेलं असायचं, हे खरं. पकड कमजोर असलेल्यांना शस्त्र हाताला बांधायची मुभा नियमांतच आहे. आता फॉईल खेळणाऱ्या कुणालाही विचारा, टोक कशानं फिरतं? अंगठा आणि तर्जनी. समोरच्याच्या पात्याखालून टोक काढायचं तर बोटांची बारीकशी हालचाल पुरते. व्हिओला तेच काम कोपर आणि खांद्यातून करावं लागायचं, म्हणजे हालचाल मोठी आणि समोरच्याला लवकर दिसणारी. तलवार हातातून निसटण्याची भीती नाही, एवढाच काय तो फायदा. रिओ आणि टोकियोत तिनं वैयक्तिक फॉईलचं सुवर्ण जिंकलं, पॅरिसमध्ये कांस्य. जोडलेला हातच पदकं देत असता तर पॅरिसलाही सुवर्णच मिळालं असतं.