गरिबी हटवताना पक्ष कुठे गेला?

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मित्राला इंदिरा गांधींविरुद्ध कोणी अवाक्षर काढलेले खपत नाही. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले नसते, तर आपल्या गावात शाखा आली नसती आणि आपल्याला नोकरीही लागली नसती, हे तो कट्ट्यावर दर रविवारी ऐकवतो. या रविवारी मास्तरांनी त्याला मध्येच अडवले. ‘‘शाखा आली हे खरे, पण त्याच वर्षी काँग्रेस पक्ष फुटला, तेही सांग.’’

मास्तरांच्या मते आणीबाणीचा उगम 25 जून 1975च्या रात्रीत शोधणे चुकीचे आहे; तो या फुटीत आहे. काँग्रेस देशभर वरचढ असली तरी तिच्या पोटात प्रांतोप्रांतीचे पुढारी, त्यांचे गट आणि त्यांची भांडणे होती. विरोधी पक्ष दुबळे असताना सत्तेला लगाम घालण्याचे काम ही भांडणेच करत होती. फुटीनंतर बाईंनी या पुढाऱ्यांना वळसा घालून ‘गरिबी हटाव’ची हाक थेट मतदारांना दिली. 1971 मध्ये 1967च्या तुलनेत मते वाढली जेमतेम तीन टक्क्यांनी, पण जागा 283 वरून 352 वर गेल्या, आणि हा विजय पक्षाचा नसून एकट्या बाईंचा आहे, असे निवडून आलेल्यांनाही वाटू लागले. 1972 नंतर पक्षांतर्गत निवडणुका झाल्या त्या एकदम 1992 मध्ये.

वकिलांना हे मान्य नव्हते. फुटीत बाईंच्या विरोधात गेलेले सिंडिकेटचे, म्हणजे जुन्या प्रांतीय पुढाऱ्यांच्या गटाचे, पुढारी काही लोकशाहीचे पुजारी नव्हते, आणि 12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने बाईंची लोकसभेवरची निवड रद्द केली नसती तर आणीबाणी आलीच नसती, असे त्यांनी ठासून सांगितले. ‘‘लोकानुनयातून हुकूमशाही येते म्हणता, मग दोन रुपये किलोने तांदूळ देणाऱ्या आंध्रच्या एन. टी. रामारावांनी कुठे आणीबाणी आणली?’’

‘‘मुख्यमंत्र्याला ती आणताच येत नाही,’’ मास्तर म्हणाले. (वकिलांना हे सुचू नये याचे मला नवल वाटले.) तांदळाला किंवा बँकेला त्यांचा आक्षेप नव्हताच, मी म्हणजेच जनता, आणि मला अडवणारा तो गरिबांचा वैरी, या समीकरणाला होता. सरकारविरुद्ध आंदोलन उभारणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी बोलणी करावीत एवढेच म्हणणाऱ्या मोहन धारियांना मार्च 1975 मध्ये मंत्रिमंडळातून जावे लागले. त्याच्या काही दिवस आधी, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेल्या वसंतराव नाईकांच्या जागी शंकरराव चव्हाण आले, आणि तो निर्णय मुंबईत झाला नव्हता. पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी 39वी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये आली, तेव्हा ‘थांबा’ म्हणू शकणारा माणूस पक्षात उरलाच नव्हता. अध्यक्ष देवकांत बारुआ तर इंदिरा म्हणजेच भारत, असे सांगत होते.

‘‘पण लोकांनी 1977 मध्ये पाडलेच ना?’’ बँकवाल्याने विचारले. ‘‘महाराष्ट्रातल्या 48 पैकी 20 जागाच मिळाल्या. मीसुद्धा विरोधातच मत दिले होते.’’ हे त्याने आजवर कधी सांगितले नव्हते, त्यामुळे आम्ही क्षणभर गप्पच झालो.

मास्तरांनी मान डोलावली. लोकांनी पाडले, हे त्यांना मान्य होते. मात्र जानेवारी 1978 मध्ये पक्ष पुन्हा फुटला तेव्हा बाईंच्या गटाच्या नावात कंसात त्यांचेच आद्याक्षर आले, आणि 1980 मध्ये त्याच इंदिरा काँग्रेसने 353 जागा जिंकल्या.