रडण्याची खतावणी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. हळदीत अकरा वर्षं काढली की कान तयार होतो. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की कट्कन धातूसारखा आवाज येतो, आत ओल असेल तर नुसतं कुरकुरतं. त्यामुळं पोरगी झाली तेव्हा वाटलं, बाळाचं रडणं ओळखायचं म्हणजे काय अवघड? चार दिवसांत कळलं, चिमीला सगळ्या कारणांसाठी मिळून एकच आवाज दिलाय आणि तोही फुल्ल.

बाळंतपण बायकोच्या माहेरी, गावभागात. दुकान बंद करून मी साडेसहाच्या सुमाराला सासुरवाडीला पोचायचो. हातपाय धुऊन उंबऱ्यात पाऊल टाकलं की आतून टॅहँऽऽ! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चिमी पाच आठवड्यांची झाली तरी वेळ चुकली नाही. जावयाला तोंडावर कोण बोलणार? पण सासूबाई शेजारणीला सांगताना ऐकलं, "दिवसभर कशी गुणाची असतीया बघा. संध्याकाळीच कायतरी होतंय." ते कायतरी म्हणजे मी.

तासगावहून बायकोची आत्या आली. तिचं निदान दारातूनच तयार होतं, "पोटात वारं धरलंय." बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. मग मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि त्या वेळी मला सांगितलं, "पाव्हणं, तुम्ही जरा पलीकडं उभारा." मी चपलांपाशी उभारलो. मोहऱ्या तडतडल्या, चिमीचा आवाज आणखी चढला. मग आत्यानं मधाची बाटली काढली. बायकोनं हात धरला. वर्षाच्या आत मध नाही, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आमची पोरं काय मेली व्हय मध चाटून?"

"जी मेली ती सांगायला येत्यात व्हय, आत्या?"

आत्या दोन दिवस बायकोशी बोलली नाही.

माझ्यावरचा आळ मात्र तसाच होता. शेवटी हिशेबनिसाला जे येतं ते केलं. लाल कापडी बांधणीची खतावणी आणली आणि रकाने पाडले : वेळ, शेवटचं दूध, लंगोट, उपाय, बाकी. मी नसताना बायको नोंदी करायची, आधी चेष्टेनं, मग इमानदारीत. लंगोट ओला निघाला की नोंद सोपी. ढेकर अडकली असेल तर खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची. ढेकर शर्टावर येते, पण हिशेब जुळतो. निम्म्या नोंदी तरीही उचंत खात्यात, म्हणजे कारण न लागलेल्यांत गेल्या.

एक गोष्ट वहीमुळंच दिसली. वेळ लिहायला रडण्याची वाट बघत बसायचो, तेव्हा आधीचं दिसायला लागलं. चिमी झोपेतच मान वळवायची, तोंड उघडून दुपट्याची कड शोधायची. मग मूठ तोंडाकडं. मूठ नाकावर आपटायची, डोळ्याला लागायची, तिसऱ्या खेपेला कशीबशी ओठांत. चुटुक्, चुटुक्. आणि हाती काहीच लागत नाही म्हटल्यावर भोंगा. भुकेची मागणी केव्हाच येऊन पडलेली असते, रडणं ही शेवटची नोटीस. मी तिसऱ्या मुठीलाच बायकोला हाक मारू लागलो. सकाळच्या रकान्यातलं रडणं निम्म्यावर आलं.

संध्याकाळचं तेवढं जागचं हललं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांकडं मी वही घेऊनच गेलो. आधी मनातली शंका काढली : एवढा आकांत, पण डोळ्यांत टिपूस नाही, हे नाटक तर नाही? ते म्हणाले, पहिले काही आठवडे बहुतेक बाळांना अश्रू येतच नाहीत. वजन बघितलं, पोट दाबून बघितलं. सगळं ठीक. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास कळस होतो, तीन-चार महिन्यांत उतरतं. वेसल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1954 साली मोजमाप दिलंय : धडधाकट बाळ दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त, असं 3 आठवड्यांहून जास्त रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणायचं. नक्की हिशेबनिसाच्या घरचा असणार. ताप 100.4 च्या वर गेला, दूध सोडलं किंवा रडणं वेगळंच वाटलं तर मात्र रात्री दोनलाही घेऊन या, म्हणाले.

"पण संध्याकाळीच का?"

"बहुतेक बाळं संध्याकाळीच जास्त रडतात."

"हे जरा चिठ्ठीवर लिहून द्या. शिक्का पण मारा."

ते हसले. मी हसलो नाही.

शिक्क्याची गरज मात्र पडली नाही. त्याच रविवारी, ऐन रडण्याच्या वेळी, सासूबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला आणि चिमी गप्प. बंद केला, टॅहँ. लावला, गप्प. पोटात महिनोन्महिने रक्ताची घरघर ऐकलेली असते, तिला शांतता म्हणजेच गोंगाट. तेव्हापासून संध्याकाळी मी आलो की हातपाय धुवायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन चटणी वाटायची. जावयाला सासुरवाडीत पाण्याचा पेला उचलू देत नाहीत, तिथं मी लसूण सोलू लागलो. आठवड्यात तीन किलो दाणे संपले. शेजारीण भिंतीवरून विचारती झाली, "पाव्हण्यांनी धंदा काढला जणू?"

गेल्या मंगळवारी ऐन सात वाजता लाइट गेली. मिक्सर थांबला. चिमीनं श्वास ओढला, आता भोंगा सुटणार... आणि अंधारातून आवाज आला, "घर्रर्रर्र..."

सासरे होते. रिटायर्ड हेडमास्तर. लग्नापासून माझ्याशी "बसा" आणि "जेवलात का" याच्या पलीकडं शब्द नाही. नात खांद्यावर घेऊन ते डोळे मिटून घरघरत होते. दम संपत आला तसा त्यांनी माझा दंड धरला.

"पाव्हणं, बघताय काय? धरा."

मी धरली. ते श्वास घेत तेव्हा मी, मी थांबे तेव्हा ते. सासूबाई मेणबत्ती घेऊन दारात आल्या, आम्हा दोघांकडं बघितलं आणि मेणबत्ती विझवून परत गेल्या.